लांब बाही आणि उन्हाचं क्रीम

आये, तुझी नात रोज सकाळी तोंडाला पांढरं फासते. पावडर नव्हे, क्रीम. सनस्क्रीन म्हणतात त्याला, उन्हापासून कातडी सांभाळायचं. दोन बोटांवर लांब रेघ काढायची, कपाळ, गाल, नाक, कानाच्या पाळ्या, मानेची मागची बाजू, मग हात पार बोटांपर्यंत, आणि ते मुरेस्तोवर आरशासमोर उभं राहायचं. मग स्कार्फ, मग गॉगल, मग हेल्मेट, आणि मग बाईसाहेब गाडी काढून सूसच्या रस्त्यानं ऑफिसला. एवढं सगळं बांधून जायचं तर क्रीम कशाला, आणि क्रीम लावलंय तर स्कार्फ कशाला? मला पहिल्या दिवसापासून यात काहीतरी काळंबेरं वाटलं. तू म्हणशील, तुझा जन्मच संशयात गेला. गेला असेल. कुणाच्या पोटची आहे मी?

कसला संशय, ते दुसऱ्या कुणाला सांगून कळायचं नाही. आपल्या घरात रोज सकाळी अंगाला काहीतरी चोळणारी बाई मी एकच पाहिली होती, ती तू. मी चौथी-पाचवीत असेन. घरामागच्या कातळावर तू पाठमोरी बसली आहेस, दोन्ही बाह्या दंडापर्यंत सारलेल्या, आणि कोडाच्या पांढऱ्या डागांवर बावचीचं तेल चोळते आहेस. पौडच्या बाजारात बसणाऱ्या वैदूनं सांगितलं होतं, तेल लावायचं आणि अंग भाजेस्तोवर उन्हात बसायचं, रंग परत येतो. तू बसायचीस. चैत्रातसुद्धा बसायचीस. डागांवर फोड यायचे, फुटायचे, आणि तू त्यांच्यावर पुन्हा तेल. मी म्हणायचे, "आये, सावलीत ये की." तू खेकसायचीस, "ऊन हेच अवशिद हाय. तू जा, अन् हितं कुणी येतंय का ते बघ." मग मी वाटेकडं तोंड करून राखण करायचे. कुणी दिसलं की खोकायचं, आणि तू बाह्या खाली ओढायचीस, मनगटापर्यंत. तुझे सगळे ब्लाउज मनगटापर्यंतच. भातलावणीला चिखलात उतरतानाही बाही वर घ्यायची नाहीस, भिजलेली बाही दिवसभर हाताला चिकटलेली असायची. बायका विचारायच्या तर म्हणायचीस, मला थंडी लई वाजती.

आणि मला बघायला पाहुणे आले तो दिवस. तू आदल्या दिवशीच सगळं ठरवून टाकलं होतंस. चुलती बाहेर बसेल, चुलतीच बोलेल, चुलतीच ओटी भरेल. "आन् मुलीची आई कुटं हाय म्हनले तर सांगायचं, तिला ताप हाय." तू चुलीपुढं बसून सगळ्यांचा स्वयंपाक केलास, आणि तापाची बाई म्हणून दार लोटून घेतलंस. मी पोह्यांच्या बशा न्यायला आत आले तर तू दाराच्या फटीतून नवरामुलगा बघत होतीस. म्हणालीस, "नाक बरं हाय." एवढंच. लग्न ठरलं, झालं, निभावलं. माझ्या सासूबाईंनी तुझा हात पहिल्यांदा बघितला तो तू गेल्यावर, आंघोळ घालताना. तेव्हापासून मी न्हाऊन आले की त्यांची नजर माझ्या हातापायांवरून फिरायची, त्या जाईपर्यंत फिरत राहिली.

आता कळलं ना, नात क्रीम लावायला लागली तेव्हा मी का धसकले ते. मला वाटलं, तुझं ते तिच्यात उतरलं, आणि पोरगी लपवते आहे. तिच्या लग्नाचं बघायला सुरुवात झालेली, आणि हे असं.

उन्हाळ्यात मी मनाची समजूत घातली. म्हटलं गाडीवरून जाते, पोरगी काळवंडते, लावू दे. पण आषाढ लागला. आपल्याकडचा आषाढ तुला माहीत आहे, पंधरा-पंधरा दिवस सूर्य कुठल्या बाजूला उगवतो तेही समजत नाही. कपडे वाळत नाहीत, भिंतीला बुरशी, दुपारी दिवा लावून मी डबे भरते. (आपण मागं खोल्या बांधल्यात गं, पिरंगुटच्या कंपन्यांतली पोरं भाड्यानं राहतात, त्यांचे डबे मीच करते.) आणि ही बया त्या अंधारात आरशासमोर उभी राहून उन्हाचं क्रीम लावते! मी विचारलं, "अगं, ऊन कुठंय?"

"ढगातनंही येतं, आई."

"मला तर दिसत नाही."

"दिसत नाही तेच लागतं. यूव्ही असतं ते."

जे दिसत नाही ते लागतं! असं तर आपल्याकडं भुताबद्दल बोलतात. रविवारी सुट्टी, घराबाहेर पाऊल नाही, तरी लावलं. म्हणे खिडकीतून उजेड येतो. माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. मी तुझ्या जावयांना म्हटलं, तर ते म्हणाले, "लावू दे की. त्या बंगल्यातल्या बाया न्हाई का लावत." गावाबाहेर आता बंगले झालेत गं, वीकेंडला तिथं पुण्याच्या बायका येतात, अंगभर क्रीम लावतात आणि तळ्याकाठी उन्हात पडून राहतात. आता यांचं काय समजायचं? उन्हापासून वाचायचंय तर घरात बसा ना. मला त्यांचाही भरवसा नाही.

शेवटी मी युक्ती केली. श्रावणातल्या एका रविवारी तिला म्हटलं, ये, डोक्याला तेल लावते. ती खूश, पाटावर येऊन बसली. मी केस बाजूला करून कानामागं बघितलं, मानेवर बघितलं, गाऊन जरा ओढून खांद्यांवर बघितलं. स्वच्छ. मग हात चोळायच्या निमित्तानं कोपर बघितले. तेही स्वच्छ. माझा जीव भांड्यात पडतोय तोवर ती म्हणाली, "आई, तू तेल लावतीयेस का झडती घेतीयेस?"

ती वळून माझ्यासमोर बसली. "खरं सांग. तुला वाटतंय माझं कुणाशी तरी चाललंय, म्हणून मी नटते. हो ना?" आणि मला हसू फुटलं गं. म्हटलं, तसं असतं तर मी देवाला नारळ फोडला असता. आणि मग मी तिला तुझं सगळं सांगितलं. कातळ, बावची, फोड, माझं खोकणं, दाराची फट. आजवर तिला एवढंच ठाऊक होतं की आजीला थंडी फार वाजायची.

ती पोरगी रडली. मला वाटलं होतं घाबरेल, पण ती चिडून रडली. "फोड येईस्तोवर उन्हात बसवलं आजीला? आणि तुम्ही बसू दिलंत?" मी म्हटलं, मी तेव्हा एवढीशी होते, आणि तुझ्या आजीला कोण अडवणार होतं. मग ती उठली, ट्यूब घेऊन आली, म्हणाली, "दे हात. आजपासून तुलाही लावायचं." मी हात मागं घेतला. तिनं ओढला. मी म्हटलं, सोड, भाकरीचं पीठ लागलंय. पीठबीठ काही नव्हतं. ती हळूच म्हणाली, "आई, तूही उन्हाळ्यापासून लांब बाह्यांचे ब्लाउज घालतीयेस. गॅसपुढं घाम गळतो तरी. मला काय दिसत नाही का?"

संशय घ्यायचा तो मीच घेते असं मी धरून चालले होते. आये, संक्रांतीच्या आसपास दिसला मला तो. मनगटाच्या वर, बांगड्यांच्या मागं, तिळगुळाएवढा. आधी वाटलं भाजलंय. मग तो पसरला. मी पिरंगुटच्या शिंप्याकडून ब्लाउज शिवून आणले, तुझ्या मापाचे. शिंपी म्हणाला, ताई, फॅशन आली का परत? मी म्हटलं, व्हय.

तिनं माझी बाही वर केली आणि डागावर बोट ठेवलं. मी इकडंतिकडं बघितलं, कुणी येत नाही ना.

दुसऱ्याच दिवशी ऑफिसला दांडी मारून ती मला कातडीच्या डॉक्टरणीकडं घेऊन गेली. बाई तरुण होती, हसरी होती, म्हणून मला ती पटली नाही. पण तिनं माझा हात असा धरला की जसा कुणाचाही हात धरावा. म्हणाली, कोड आहे, शिवल्यानं होत नाही, औषध देते. आणि रोज सनस्क्रीन लावायचं, डागावर तर न चुकता, कारण तिथला रंग गेला की ऊन सरळ आत भाजतं. मी म्हटलं, आमच्या आईला तर उन्हातच बसायला सांगितलं होतं. ती म्हणाली, तसा इलाज आहे, पण तो दवाखान्यात, बेतानं देतात. तेल लावून भर उन्हात बसणं म्हणजे नुसतं भाजून घेणं. मी विचारलं, मुलीला होईल का? म्हणाली, होईलच असं नाही. आता "होईलच असं नाही" याचा अर्थ काय घ्यायचा, तूच सांग. मी तीनदा विचारलं, तीनदा तेच. नातीनं मला ओढत बाहेर आणलं.

तेव्हापासून सकाळी आम्ही दोघी आरशासमोर. ती माझ्या हाताला लावते, मी नाक मुरडते. ते चिकट आहे, वास बरा नाही, आणि त्यानं नक्की काय होतं ते मला अजून दिसलेलं नाही. तरी लावते. डाग लाल व्हायचा थांबलाय एवढं खरं. कधीकधी हातावर ते चोळलं जात असताना तुझा तो फोडांचा हात आठवतो आणि मला तुझ्या त्या वैदूचा इतका राग येतो की बोलायची सोय नाही. आणि तुझाही येतो. तू सावलीत का आली नाहीस गं?

उद्या नातीला बघायला पाहुणे येणार आहेत. मुलगा चांगला आहे, चौकशी केली आहे, तीन ठिकाणी केली आहे. परवा तुझे जावई चाचरत म्हणाले, "म्या काय म्हनतो, पाव्हनं येतील तवा वैनीला बसवू बाहेर. तू आत बघ सैपाकाचं." वाईट मनानं नाही म्हणाले. खरं सांगू, त्यांच्या आधी माझ्याच मनात ते येऊन गेलं होतं. ताप हाय म्हणून सांगायचं, हेही येऊन गेलं. पण नातीनं ऐकलं. ओरडली नाही. म्हणाली, "मग काकूला बाहेर बसवा, आणि काकूच्याच मुलीला दाखवा. माझी आई बाहेर बसली नाही तर मीपण आत चुलीपाशी बसेन." आमच्याकडं चूल नाही, गॅस आहे, पण ती बोलली तसं. तुझे जावई खाली मान घालून गोठ्याकडं गेले.

म्हणून आज दुपारी भाकऱ्या आटपल्यावर मी ओसरीवर बसून नव्या ब्लाउजच्या बाह्या उसवल्या. समोर खाचरांत भात पिकून पिवळं झालंय, आणि ऑक्टोबरचं ऊन कसलं असतं ते तुला सांगायला नको. बाही कापून कोपरापर्यंत केली, दुमड घातली. घालून बघितला. डाग दिसतो. चांगला दिसतो, दारातून येणाऱ्याला दिसेल. सकाळी वर क्रीम लावलं की आणखीच पांढरा चकाकेल. पाहुण्यांपैकी कोण बघून काय म्हणेल, कोण चहाचा कप न उचलताच उठेल, याचा हिशेब माझ्या डोक्यात सारखा चालू आहे. मला त्यांची खात्री नाही. नातीला आहे.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, तुझ्या पत्त्यावर काही जात नाही. नुसतं तुला कळावं म्हणून, की उद्या मुलीची आई बाहेर बसणार आहे. पण तुझ्यापासून काय लपवू? कापलेल्या बाह्यांचे तुकडे मी फेकले नाहीत. उशीखाली ठेवलेत, आणि सुईत दोरा ओवून ठेवलाय.