क्षिप्राच्या मानेतला नंबर

उज्जैन, १२ डिसेंबर १९९९

चि. मंदारराव यांस,

मधुकर आणि सौ. कल्पनाकडून तुम्हा दोघांना भरभरून आशीर्वाद. तुमची प्रकृती कशी आहे, तिकडे बर्फ पडायला लागला का आणि केतकीची सर्दी बरी झाली का, ते कळवावे. (फोनवर ती ‘मी एकदम मस्त’ म्हणाली, पण त्याआधी रिसीव्हर बाजूला धरून दोन शिंका दिल्या. माझं वय झालं असलं तरी कान अजून जुन्या मापाचेच आहेत.) इकडे आम्ही सगळे ठीक. तुम्ही दिलेलं घड्याळ रोज हातात असतं. दर तास भरला की दोनदा टीं-टीं वाजतं. ते बंद कसं करायचं हे सोबतच्या पुस्तिकेत असणार, पण पुस्तिका जपानी निघाली. परवा एका तेराव्याला मौन चालू असताना ते वाजलं. सौ. घरी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही, पण मौन नेमकं कधी संपवायचं ते लोकांना कळलं.

आता तुम्ही पाठवलेल्या चिप वाचायच्या यंत्राविषयी. दुर्गामावशी, म्हणजे सौ.च्या मावशी, शाळेतून रिटायर झाल्यापासून भैरवगढला माझ्या वर्कशॉपमागच्या शेडमध्ये टाकलेली, जखमी जनावरं सांभाळतात, हे तुम्ही लग्नात ऐकलंच असेल. (ऐकलं नसेल तर वास आला असेल, त्या थेट तिथूनच हॉलवर आल्या होत्या.) त्यांची खरी अडचण भैरवाष्टमीची. कुत्रा ही कालभैरवाची सवारी, म्हणून त्या दिवशी गावभर कुत्र्यांना हार, टिळा आणि जिलेबी. इथवर आमची काही तक्रार नाही. पण भाविकांपैकी काहींना वाटतं की देवाच्या सवारीला पट्टा शोभत नाही, म्हणून ते पट्टे काढून टाकतात, आणि संध्याकाळपर्यंत आमची जनावरं बेवारशी होतात. त्यावर तुम्ही चिप सुचवलीत. तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू, मानेच्या कातडीखाली सुईने घालायची, आत नुसता एक नंबर, तो यंत्र जवळ धरल्यावर दिसणार. (हे मी इथे शंभर जणांना समजावलं. तरी आमच्या गल्लीतले माणिकराव हरवलेल्या स्कूटरचा पत्ता विचारायला येतातच.)

चिपा मी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून मागवल्या. त्याच्याकडे दोन जाती होत्या, एक महाग, एक स्वस्त. मी फोनवर विचारलं की स्वस्तातली आमच्या अमेरिकन यंत्रावर वाचली जाईल ना. तो म्हणाला, सब चलेगा. आता मंदारराव, सायकलवर पंपाचे सुटे भाग विकत मी धंदा उभा केला, आणि ‘सब चलेगा’ म्हणणाऱ्याकडून कधी साधा वॉशर घेतला नाही. पण यंत्र जावयाचं होतं. ते न चालण्याची शंका काढायची कशी? आणि चिप घालण्याआधी तपासून बघावं म्हटलं, तर यंत्र देवघरात. जावयाने अमेरिकेहून पाठवलेली पहिली वस्तू म्हणून सौ.ने त्याला हळदकुंकू लावून ठेवलं होतं आणि चांगला दिवस बघून काढू म्हणाली. तो दिवस निघेपर्यंत गुरांच्या डॉक्टरांनी सगळ्या जनावरांना चिपा टोचून टाकल्या.

भैरवाष्टमीला क्षिप्रा नाहीशी झाली. क्षिप्रा म्हणजे मावशींनी पुरातून काढलेली काळी कुत्री. मागचा एक पाय तेव्हापासून अधू. मावशींच्या पायाशी झोपायची. ती गेल्यापासून मावशी या थंडीत दाराला कडी लावेनात. रात्री आली तर बाहेर राहायला नको, म्हणायच्या. जेवण नावापुरतं. मग कळलं की गेंदालाल ठेकेदाराच्या कोठीवर एक काळी कुत्री बांधलेली आहे. मावशी आणि मी गेलो. गेंदालालला कुणा ज्योतिषाने काळ्या कुत्र्याला पोळी घालायला सांगितलं होतं. ही दारात आली आणि त्याच आठवड्यात त्याचं पुलाचं टेंडर पास झालं. तो हात जोडूनच म्हणाला, “मधुकरजी, ये तो भैरव बाबा की भेजी हुई है. मैं कैसे दे दूँ?” मावशींना बघून ती शेपूट हलवते, असं मी म्हटलं. पण ती मलाही हलवत होती, गेंदालाललाही, आणि जिलेबी घेऊन आलेल्या दूधवाल्याला तर सर्वांत जास्त. तिच्या प्रेमाला कुठलीही पंचायत साक्ष मानणार नाही.

माझी खात्री मात्र आधीच झाली होती. ती आतून फरशीवरून चालत आली तेव्हा टक, टक, टक आणि मग सर्र असा आवाज आला. तीन नखं आणि एक घासणारा पाय. वर्कशॉपच्या भिंतीपलीकडून हा आवाज मी दोन वर्षं ऐकतोय. पण माझे कान गेंदालालला काय पटणार? मी चिपचं सांगितलं. त्याचा चेहरा उजळला. “मशीन बोल दे तो ले जाओ. मशीन से बड़ा कौन?” मी यंत्र काढलं, त्यावरचं कुंकू पुसलं आणि क्षिप्राच्या मानेवर धरलं. काही नाही. डावीकडे, उजवीकडे, पोटाखाली. मावशी फाटकाशी पदर धरून उभ्या होत्या. मग मी गेंदालालला चिपचं शास्त्र सविस्तर समजावलं. अमेरिका, लहरी, नंबर, त्याच्या पुलाच्या सळया, सगळं त्यात आलं. चार वाजता यंत्र दोनदा टीं-टीं बोललं. गेंदालालने यंत्राला नमस्कार केला, स्वतःच्या हाताने साखळी सोडली आणि वर पावशेर जिलेबी बांधून दिली. त्या रात्री मावशींनी दाराला कडी लावली.

सर्व कुशल आहे. केतकीला आल्याचा काढा घ्यायला सांगा.

तुमचा,
मधुकर

ता. क. : यंत्र उत्तमच आहे, त्यात शंका नाही. फक्त ते या चिपा वाचत नाही. एकही नाही. चार वाजता जे बोललं ते तुम्ही दिलेलं घड्याळ होतं. यंत्र मी त्याच हातात धरलं होतं. आता गेंदालालला त्याच्या दोन म्हशींना आणि मुनीमजींना चिप बसवायची आहे, आणि संक्रांतीला तो चार ठेकेदारांना यंत्राचा चमत्कार दाखवायला आणणार आहे. तरी या चिपा खरोखर वाचणारं यंत्र कुणी येत असेल त्याच्याबरोबर लवकर पाठवावे. सौ.ला कळवू नये. तिने पहिलं यंत्र पुन्हा देवघरात ठेवलं आहे.

ता. क. २ : काल मावशी क्षिप्राला पोळी घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मधुकर, तुझं यंत्र तेराव्यालाही वाजलं होतं रे.” मग हात पुढे केला. तेव्हा यंत्रासोबत एक घड्याळही पाठवा. माझं त्यांनी शेडच्या कामासाठी ठेवून घेतलं आहे.