तिसऱ्या पायरीवरचं नाव

प्रिय फिडेल्मा,

'प्रिय' लिहिताना पेन जरा अडलं. पण पत्राची सुरुवात अशीच करायची, मग आत हवं ते लिहा, असं आईने आपल्याला शिकवलंय. तेव्हा तो एक शब्द आईचा समज, बाकीचं सगळं माझं आहे.

तुझा निरोप मिळाला. वर्तमानपत्रातला आमचा फोटो तुला तिकडे पर्थमध्ये बसून दिसला म्हणे. "गॉबी, किती छान! या वयात थंड समुद्रात पोहायला लागलीस. शेवटी स्वतःसाठी जगतेयस. चेहरा किती सुखी दिसतोय." आणि खाली तीन लाटा नि एक मासा. आई गेल्यापासूनच्या एकवीस महिन्यांत तुझ्याकडून आलेला हा सगळ्यात लांब मजकूर. मी तो तीनदा वाचला आणि फोन पावाच्या डब्यात टाकून वर झाकण लावलं. तो चेहरा सुखी नाही गं बाई, गारठलेला आहे. आठ अंशाच्या पाण्यातून बाहेर आलं की ओठ दातांवरून मागे सरकतात आणि बराच वेळ जागेवर येत नाहीत. त्याला तू हसू समजलीस. लांबून बघणाऱ्याला तसंच वाटतं.

तो फोटो काढायला डब्लिनहून एक मुलगी आली होती. लोकरीची टोपी, हातात वही, आणि एकच प्रश्न: "तुम्ही हे का सुरू केलंत?" सगळे तिच्याशी धडधडीत खोटं बोलले. कोलमन, तोच, बेटावरची बोट चालवायचा, म्हणाला, "गुडघ्यांसाठी. डॉक्टरने सांगितलंय." डॉक्टरने त्याला समुद्राच्या जवळही जाऊ नकोस असं सांगितलंय. ब्रीज म्हणाली, "झोप छान लागते हो." ब्रीज तुला माहीत नाही. नवरा गेल्यावर चार वर्षांपूर्वी इथे राहायला आली, आणि ती रात्री चार चार तास स्वयंपाकघरात रेडिओ लावून बसलेली असते हे मला ठाऊक आहे. सिस्टर कन्सेप्टाला तू ओळखतेस, आपल्याला चौथीत भागाकार शिकवायची. आता ती सिस्टर राहिलेली नाही, पंचावन्नाव्या वर्षी कॉन्व्हेंट सोडलं तिने. आज अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि आमच्यात सगळ्यात आधी तीच पाण्यात शिरते. तिने त्या मुलीला सांगितलं, "देवाची सृष्टी किती सुंदर आहे ते बघायला." मुलीने ते मन लावून लिहून घेतलं. मी म्हटलं, "हवा चांगली असते." नोव्हेंबरातली आपल्याकडची हवा तुला आठवत असेलच.

खरं कारण कोणी सांगत नाही, कारण ते सांगायची एक वेगळी जागा आहे. कॉन्व्हेंटच्या मागे नन्सना आंघोळीसाठी खडकात कोरलेल्या पायऱ्या आहेत ना, तिथे आम्ही उतरतो. पहिल्या पायरीवर पाणी घोट्याला लागतं, दुसरीवर गुडघ्याच्या वर, आणि तिसरीवर पोटाला. पोटाला लागलं की माणसाचा श्वासच तुटतो आणि तोंडातून काहीतरी बाहेर पडतंच. म्हणून आमच्यात रीत अशी आहे की तिसऱ्या पायरीवर प्रत्येकाने काय हवं ते मोठ्याने ओरडायचं. शिवी द्या, शाप द्या, नाव घ्या. कोणी कोणाला विचारायचं नाही आणि वर येऊन चहा पिताना त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. कोलमन त्या बोटीचं नाव घेतो जी त्याच्या भावाला घेऊन परत आली नाही. कन्सेप्टा जुन्या मदर सुपिरिअरला अशा शिव्या घालते की पहिल्यांदा ऐकून मी पाय घसरून पडले होते. तेवीस वर्षं झाली कॉन्व्हेंट सोडून, अजून शिव्या संपलेल्या नाहीत.

मी तुझं नाव ओरडते. रोज. गेल्या वर्षीच्या मार्चपासून, पाऊस असो, गारा असोत, नाताळचा दिवस असो, तिसऱ्या पायरीवर उभी राहून मी "फिडेल्मा" म्हणून बोंब मारते. मग पाण्यात अंग टाकते.

तुला वाटेल, ही आता अंत्यविधीचं उगाळणार. हो, उगाळणार. तू आली नाहीस. चर्चमधल्या कॅमेऱ्यातून बघितलंस. शेजारचे कोनोली आले, बेटावरचे लोक तसल्या वादळात बोट करून आले, आईला फक्त औषधाच्या दुकानात भेटलेली पोरगी आली. मी सातशे हात हातात घेतले असतील. प्रत्येक जण, "तुझ्या दुःखात आहोत गं, गॉबनेट." आणि दुसऱ्या दिवशी इंटरनेटवरच्या शोकसंदेशांत, त्याच ओळीत, बँकेच्या मॅनेजरच्या खाली आणि कुत्र्याच्या डॉक्टरच्या वर, तू: "या कठीण प्रसंगी आपल्या कुटुंबाच्या दुःखात सहभागी आहे. फिडेल्मा, पर्थ." आपल्या कुटुंबाच्या! कोणाचं कुटुंब होतं ते, फिडेल्मा? मला तेव्हा इतका राग आला की स्वयंपाकघरातली खुर्ची उचलून अंगणात नेऊन ठेवली. फेकणार होते. पण आईची खुर्ची होती, म्हणून नुसती ठेवली आणि संध्याकाळी परत आत आणली.

त्यानंतर महिनाभर पहाटे पाचला जाग यायची. अकरा वर्षांची सवय. पाचला आईची कूस बदलायची, सहाला गोळ्या चुरून दह्यातून द्यायच्या, सातला अंग पुसायचं. आता कूस बदलायला कोणी नव्हतं आणि हात मात्र उठून बसायचे. अशाच एका सकाळी उजाडल्यावर चालत चालत त्या पायऱ्यांपर्यंत गेले. कन्सेप्टा पाण्यात मानेपर्यंत बुडालेली होती. मला म्हणाली, "उभी काय राहिलीस खांबासारखी? आत ये." म्हटलं, "सिस्टर, माझ्याकडे पोहायचे कपडे नाहीत." तर म्हणते, "माझ्याकडे चाळीस वर्षं दुसरं काहीच नव्हतं, त्या झग्याशिवाय. ये म्हटलं ना." मी परकर-बनियनवर उतरले. तिसऱ्या पायरीवर पाणी पोटाला लागलं आणि तोंडातून तुझं नाव बाहेर आलं. मी ठरवलं नव्हतं. आईचं येईल असं वाटलं होतं.

का आलं ते मला तेव्हाच कळलं होतं, पण सांगायला आज बसलेय. पहिली दोन वर्षं सोडली तर आईने मला माझ्या नावाने हाक मारली नाही. मी तिला भरवायची, ती माझ्या तोंडाकडे बघून म्हणायची, "फिडेल्मा, तू बारीक झालीस गं." मी तिचे केस विंचरायची, ती म्हणायची, "तुझा हात किती हलका आहे, फिडेल्मा. ती गॉबनेट फार ओढते." नऊ वर्षं, दिवसातून दहा वेळा. सुरुवातीला मी सांगायची, आई, मी गॉबनेट. मग ती घाबरायची, इकडेतिकडे बघायची आणि विचारायची, "मग फिडेल्मा कुठे गेली?" तेव्हा मी सांगायचं सोडून दिलं. मी तुझ्या नावाला ओ देऊ लागले. तू तिकडे ऊन खात होतीस, आणि इथे तू आईची सेवा करत होतीस. इतकी गुणी मुलगी कोणाला मिळत नाही.

आता माझ्या वाट्याचंही लिहिते, नाहीतर तू लिहिशील. आई जायच्या आधी तीन आठवडे तू फोन केला होतास. "येऊ का?" असं विचारलं होतंस. मी म्हटलं, "तुझं तू बघ." आपल्या घरात 'तुझं तू बघ'चा अर्थ काय होतो हे तुला माहीत आहे. बाबांना आई ते म्हणायची तेव्हा ते टोपी काढून परत आत येऊन बसायचे. त्याचा अर्थ होतो, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकून तर बघ. पण तू तिकडे बावीस वर्षं राहिलीस आणि शब्दाचा अर्थ शब्दाएवढाच धरायला शिकलीस, किंवा तसं सोंग घेतलंस. तू तुझं बघितलंस. मी 'ये' म्हणायला हवं होतं. दोन अक्षरंही नाहीत त्यात. माझ्याच्याने झालं नाही, कारण तू न सांगता यावंस असं मला वाटत होतं. अजूनही वाटतं.

तर आता गेल्या रविवारचं ऐक. नोव्हेंबर आहे, मृतांच्या नावांची यादी लिफाफ्यात घालून वेदीवर ठेवायचा महिना. मी आई-बाबांची नावं दिली. ब्रीजने तिच्या नवऱ्याचं दिलं. आणि ब्रीज मनाने फार चांगली बाई आहे, देव तिचं भलं करो आणि तिला थोडी अक्कलही देवो. रोज सकाळी माझ्या शेजारी उभी राहून ती मला एक नाव ओरडताना ऐकते. विचारायचं नाही ही रीत ती पाळते. तिने आपल्या मनाशी ठरवलं की हे गॉबनेटचं गेलेलं माणूस. मुलगी असेल, लहानपणीच गेली असेल, बिचारी कोणापाशी बोलत नाही. आणि तिने तुझं नाव यादीत घातलं.

आपले फादर आता नायजेरियाचे आहेत, फादर इमेका. मोठे सज्जन. इथे येऊन त्यांना सहा महिने झाले, कोण जिवंत आणि कोण मेलेलं हे त्यांना ठाऊक नाही, म्हणून ते प्रत्येक नाव फार आदराने, सावकाश वाचतात. बाबांचं नाव वाचलं. आईचं वाचलं. मग थोडं थांबून म्हणाले, "गॉबनेट हिची फिडेल्मा." गावात गॉबनेट एकच आहे.

मी उठून 'ती जिवंत आहे' म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. बाकावर तशीच बसून राहिले आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. एक क्षणभर नाही, चांगली अर्धी प्रार्थना होईपर्यंत मला बरं वाटलं. बाहेर पडले तर दारात रांग. कोनोली म्हातारा डोळे पुसत होता, "आमची फिडेल्मा गेली आणि आम्हाला कळवलंसुद्धा नाहीस? केवढी होती गं ती?" म्हटलं, "एकोणसाठ." "काय झालं होतं?" म्हटलं, "लांब होती." प्रत्येकाने माझा हात हातात घेतला आणि मी प्रत्येकाला हात दिला. दुपारपर्यंत घरी सफरचंदाचे चार टार्ट आणि हॅम सँडविचचा एक ट्रे आला. मी चहा केला आणि एका टार्टचा मोठा तुकडा कापून खाल्लासुद्धा. कोनोलीच्या सुनेच्या टार्टमध्ये अजूनही साखर कमीच असते.

पोहणाऱ्यांना एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात. पाण्यात असताना थंडी वाजत नाही. बाहेर येऊन, अंग पुसून, कपडे घालून दहा मिनिटं झाली की मग हातापायांतलं गार रक्त आत पोचतं आणि माणूस आतून हलायला लागतो. नवखे तिथेच चुकतात, त्यांना वाटतं संपलं. रविवारी मला वाटलं होतं संपलं. मग टार्टची रिकामी बशी धुताना मी आईच्या खुर्चीकडे बघून सहज म्हणाले, "आई, फिडेल्मा गेली," आणि माझा हात असा हलायला लागला की बशी धरवेना. मला आईचा शेवटचा दिवस आठवला. दुपारची वेळ होती, ओहोटी लागली होती. आईने डोळे उघडले आणि म्हणाली, "फिडेल्मा, आलीस?" मी म्हटलं, "हो आई, आले." तिने माझा हात घट्ट धरला आणि तासाभराने गेली. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुझ्यावर मी एकवीस महिने चिडून होते की तू नव्हतीस, आणि त्याहून जास्त या गोष्टीवर की तू होतीस. आई तुझ्या हातात गेली, फिडेल्मा. तो हात माझा होता, एवढंच.

म्हणून लिहिते आहे. मासा आणि लाटांना उत्तर म्हणून नाही. या गावात तू मेलेली आहेस, चार टार्ट खाऊन झालेत, आणि मी सोमवारपासून फोन उचलून परत ठेवते आहे, कारण घंटी वाजत राहिली आणि तू उचलला नाहीस तर काय या भीतीने. यादी महिनाभर वेदीवरच राहते आणि उरलेल्या रविवारीही फादर ती वाचतील. मी त्यांना सांगणार नाही. ब्रीजलाही नाही. तूच येऊन चर्चच्या दारात उभी राहा, कोनोली म्हाताऱ्याला झटका आला तर तो तुझा प्रश्न. मग सकाळी कॉन्व्हेंटच्या पायऱ्यांवर चल. तिसऱ्या पायरीवर उभी राहा आणि माझं नाव घेऊन ओरड, तुझ्याकडेही साठलेलं असणारच. मी शेजारी उभी असेन आणि रीतीप्रमाणे काही विचारणार नाही. या वेळी 'तुझं तू बघ' म्हणत नाही. ये.

तुझीच, आणि आईपुरती नऊ वर्षं तूच,
गॉबनेट