कानातला कापूस

टेंभुर्णी, वैशाख १९५४

माय,

पाया पडते. हे पत्र टाकणार न्हाई. पोस्टमन तुला वाचून दाखवील अन् अख्ख्या आष्टीत बोभाटा होईल.

बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून सासूबाईंनी खोलीची खिडकी गोणपाटानं बुजवली. उकाड्यानं बाळ सारखं रडून राह्यलं. आज त्या बाजाराला गेल्या अन् मी गोणपाट काढलं. झुळूक आली. बाळ झोपलं. मलाही निवांत वाटलं.

मंग वाटलं, इतकं गप कसं? माझ्या कानातला कापूस काढून त्याच्या नाकाशी धरला. हलला. पण श्वासानं का वाऱ्यानं? जल्दी गोणपाट लावलं, पुन्हा धरला.

हलला, माय. एवढीशी झुळूक, पण त्याची सोताची.

सासूबाई अजून आल्या न्हाईत. काढू का गोणपाट?

तुझी घाबरट,
शेवंता