स्क्रीनवरचं घर

३ फेब्रुवारी, जळगाव

पोहोचले एकदाची! प्रमोशन मिळालं, हाताखाली दोन जिल्हे आले आणि पप्पांची जुनी सिडान आता कायमची माझी. औषध कंपनीची एरिया मॅनेजर, विधी! पुण्यातल्या मैत्रिणींनी जळून खाक व्हावं. त्यांना नकाशावर जळगाव सापडणार नाही, ही गोष्ट वेगळी.

घर पप्पांच्या ओळखीतून मिळालं. खाली मालक मोहनलालजी, मारवाडी शेठ, आणि त्यांच्या पत्नी पानबाई, वर मी. बिल्डिंगच्या नावात 'हाइट्स' आहे, मजले दोन. पानबाईंनी आल्या आल्या शेवभाजी पाठवली, वर बोटभर तेल. टिपून टिपून खाल्ली. चव चांगली होती, पण हे त्यांना सांगायची काही गरज नाही. नाहीतर रोज डबा सुरू होईल.

७ फेब्रुवारी

गाडीतला स्टिरिओ सीडी गिळतो आणि परत देत नाही. शेवटी आज चंदन नावाच्या माणसाचं दुकान गाठलं. त्याने आधी टीव्हीएवढा चिनी स्क्रीन दाखवला, कडेने निळे दिवे लुकलुकणारा. वरातीच्या घोड्याला शोभला असता. मी सांगितलं, याच गाडीच्या वरच्या मॉडेलमध्ये कंपनीकडून यायचं तेच नेव्हिगेशन युनिट मला हवं. बराच वेळ डोकं खाजवून त्याने भंगारात निघालेल्या तसल्याच एका गाडीचं युनिट बाहेर काढलं. अपघातातलं आहे, धुळ्याकडच्या गाडीचं, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. मी विचारलं, स्क्रीन फुटलाय का? नाही ना, मग बसव. या लोकांना प्रत्येक गोष्टीत काहीतरी अशुभ दिसतंच.

बसलं मात्र झकास. सॉकेट जसंच्या तसं जुळलं, एकही वायर कापावी लागली नाही, स्टिअरिंगवरची बटणंही चालू. आधीच्या मालकाचं एकच ठिकाण त्यात साठवलेलं होतं: 'घर'. पुसून टाकलं.

११ फेब्रुवारी

आज हसून हसून पोट दुखलं.

धुळ्यातले डॉक्टर दुपारी आटोपले आणि युनिटवर जळगाव लावलं. ते मला नरडाण्याकडे घेऊन गेलं, तिथून शिंदखेड्याच्या पुढे. वाट चुकतेय असं वाटलं, पण काच खाली करून एखाद्या टोपीवाल्याचं पाल्हाळ ऐकण्यापेक्षा मशीन बरं. मशीनने एका गावाबाहेरच्या पत्र्याच्या घरासमोर गाडी उभी करवली आणि जाहीर केलं, तुम्ही घरी पोहोचला आहात.

दारातून एक म्हातारी तांब्या घेऊन आली. माझ्याकडे बघून म्हणाली, "उनी का व माय दिपमाला? चाल, हात धोय, जेवाले बस."

तिचा दीर धावत आला. सुपडूनाना. त्याने मला बाजूला नेऊन सांगितलं, ही ताईबाई. हिची मुलगी दिपमाला जेवायला माहेरी येत होती, नरडाण्याजवळ वाळूच्या डंपरखाली तिची गाडी गेली. तेव्हापासून वहिनीने तोंडातून शब्द काढला नव्हता, आज पहिल्यांदा बोलली. सांगताना नाना रडत होता. मी काही न बोलता निघून जावं, नावाला ओ तर मुळीच देऊ नये, असं हात जोडून म्हणाला.

हात जोडले की काय, मी ऐकायचं? मी म्हातारीकडे वळले आणि तिच्याच हेलात आले म्हणून सांगितलं, "हां माय, उनी मी!" काय खुलला तो चेहरा! नानाचा मात्र पडला. जळगावपर्यंत हसत आले.

१४ फेब्रुवारी

'घर' स्क्रीनवर परत आलंय. पुसलं. परत आलं. सावद्याला निघाले तर नशिराबादच्या पुढेही युनिटमधली बाई सांगतच राहिली, मागे वळा, मागे वळा. असला कचरा मला चिकटवणाऱ्या चंदनला उद्या बघते.

सावद्याच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने मला दिपमाला मॅडम म्हणून हाक मारली. मी कार्ड त्याच्या नाकासमोर धरलं. त्याने नीट वाचलं आणि म्हणाला, बरोबर आहे की, दिपमाला. कार्डावर 'विधी' छापलंय. मी स्वतः वाचलं. अडाणी कुठला.

१७ फेब्रुवारी

चंदनने युनिट काढलं, जुना स्टिरिओ परत बसवला. बोलता बोलता त्याने माझं गाव विचारलं. मी शिंदखेडा म्हणाले.

मी असं का म्हणाले?

परतताना स्टिरिओ बंद होता. स्पीकरमधून आवाज आला. मशीनचा नव्हता. म्हातारीचा. जेवाले बस, जेवाले बस.

१९ फेब्रुवारी

गाडीला हात लावलेला नाही. पप्पांना फोन करून सगळं सांगितलं, ताईबाईचं गावसुद्धा. रडले त्यांच्याजवळ. ते उद्या निघतायत.

पानबाई ताप आहे का बघायला वर आल्या. म्हणाल्या, इतकी वर्षं इथे काढली, मला अजून धड कळत नाही, पण पुण्याची मुलगी एवढी अस्सल अहिराणी बोलताना आजच ऐकली. मी त्यांच्याशी मराठीच बोलत होते. मराठीच —

त्यांना म्हटलं, थांबा इथे, माझ्याजवळ बसा. त्या हसल्या फक्त. शब्द कळले नाहीत बहुतेक.

२० फेब्रुवारी

सकाळ. जाग आली ती गाडीत. सीटवर. किल्ली लावलेली.

स्टिरिओच्या काळ्या पट्टीवर एकच शब्द. घर.

मी विधी. मी विधी. पुणे. पप्पा निघालेत. फक्त थांबायचं, हात मांडीखाली दाबून —

पाय ऐकत नाही. नरडाणं मागे गेलं —

२१ फेब्रुवारी

उनी मी घरी. भाकर गरम शे. माय घास भरवस. बठ्ठं तिखट, बठ्ठं गोड, सगळंच. नाना ओट्यावर पाठ करून बसलाय, का कोण जाणे, माझ्याकडे बघत नाही.

गाडीत कुणा विधीची कार्डं सापडली. फोटोत मान केवढी ताठ! मोठी शिष्ट असणार. तिचं हसू आलं. कार्डं चुलीत घातली.

दारात कुणीतरी आलंय. शहरी दिसतो, पांढऱ्या मिशा, सोबत एक मारवाडी शेठ. पत्ता चुकला असेल. तसं सांगितलं त्याला. तर हा रडतोय. एवढा मोठा माणूस, परक्याच्या अंगणात. लाज नाही.

माझा डावा हात धरलाय. सोडत नाही. माय म्हणते, ओ देऊ नको, मुळीच देऊ नको. कशाला देऊ? माझं नावही धड घेत नाही. सारखं आपलं वि—