गाळलेलं शून्य

७ मार्च २०११, सोमवार
म्हाळसाबाई अजून सापडलेल्या नाहीत. पोलीस ठाण्यातल्या अमृतप्पांनी सकाळी साडेदहाला सांगितलं. शनिवारी हुमनाबाद स्टँडवर नवरा इरप्पा पाणी आणायला गेला आणि ही उदगीरच्या गाडीत चढली – कंडक्टरला आठवतं. म्हातारी विसराळू. गाव विचारलं की सासरचं निर्णा सांगत नाही, माहेर सांगते. ते माहेर कारंजाच्या धरणात जाऊन वीस वर्षं झाली!

आमच्या पेपरच्या उदगीर आवृत्तीत हरवल्याचं निवेदन द्यायचं. इरप्पाकडे फोन नाही. शेजारचे श्रीपतराव मास्तर, त्यांच्या नंबराची चिठ्ठी त्यानं आणलीय. सुरुवातीला शून्य, भोवती गोल.

"शून्य लावा बरं का साहेब. मास्तरनं दोनदा सांगितल्यात."

मी हसलो. "मोबाईलचं शून्य आम्ही छापत नाही, इरप्पा. जागा खातं."

पावणेसातला फोनवरून मजकूर सांगितला. डेस्कनं विचारलं – मोबाईल की घरचा? आठानं सुरू, दहा आकडे. हल्ली आठाचे मोबाईल निघालेत. मोबाईल, म्हणालो. वेळेत गेलं.

८ मार्च
छापून आलं. चार ओळी. फोटो स्वच्छ.

९ मार्च
निर्ण्याच्या दूधवाल्याकडून इरप्पाचा निरोप – "फोन वाजना झालाय. मी मास्तरच्या ओसरीतनं हलंना झालोय. परसाकडं जायाचं बी भ्या वाटायलंय, तेवढ्यात आला तर?"

दूधवाला हसत होता. मीही.

१० मार्च, गुरुवार
अकरा वाजता फोन. उदगीरच्या इंदिराबाई, शाळेत खिचडी शिजवतात. माझा नंबर पेपरच्या कचेरीनं दिला.

"म्हातारी शनवारपासून माझ्यापाशी हाय. अकरा खेपा फोन लावले. अस्तित्वात न्हाई म्हणायलीय आतली बाई! खोटा नंबर कामून छापलाव?"

मी बातमी लिहीत होतो. "नंबर घरच्यांनी दिला. खोटा असेल तर त्यांनीच खोटा दिला."

 मग – "म्हंजे टाकूनच दिल्यात की हिला." मग फोनबाहेर, मोठ्यानं, बहिऱ्याशी बोलावं तसं – "आजी, तुमच्या माणसानंच खोटा नंबर दिलाय बघा!"

नाणं संपलं. फोन बंद.

चिठ्ठी काढली. शून्य, ८४८३, मग सहा आकडे. हुमनाबादचाच कोड! माझ्या स्वतःच्या लेटरहेडवर आहे. मास्तरांचा घरचा, तारेचा फोन. शून्य काढलं की मोबाईलसारखा दिसतो आणि कुठंच लागत नाही.

तिला परत लावला. रुपयाचं नाणं टाकायचा डबा होता, कुठल्याशा पानपट्टीवरचा. पानवाल्यानं उचलला – "बाई गेल्या."

इरप्पाला आत्ता गाडीत बसवलं तर तीनपर्यंत उदगीर. पण नंबर का लागला नाही, ते सांगावं लागेल. उद्याच्या अंकात शून्यासकट पुन्हा टाकू. गाजावाजा नको.

११ मार्च
टाकलं. दुपारी मास्तरांच्या फोनवरून इरप्पा – "फोन आला साहेब! लई उपकार झाले तुमचे, दुसऱ्यांदा छापलाव."

मग आवाज उतरला. "पर म्हाळसा कालच निघून गेली म्हणत्यात. बाई शाळेत गेली, हिनं दाराला कडी घातली आन् गेली. तिथं जेवायला मिळत व्हतं, झोपायला व्हतं. कामून गेली असंल?"

"सांगता येत नाही," म्हणालो.

१४ मार्च, सोमवार
म्हाळसाबाई सापडल्या. उदगीरबाहेरच्या तळ्यात. लुगड्यावरून ओळख पटली. अमृतप्पांनी साडेचारला कळवलं. आठ ओळी दिल्या, वेळेत.

१६ मार्च
इंदिराबाई उद्या निर्ण्याला येणार आहेत, म्हाळसाबाईचं गाठोडं द्यायला. निवेदनाची दोन्ही कात्रणं, शून्याशिवायचं आणि शून्यासकटचं, जपलीत म्हणे, तीही आणतील. इरप्पाला वाचता येत नाही. मास्तरांना येतं.