माझेच मोजे कोरडे

७ सप्टेंबर, सोमवार

निवड झाली. विद्वत्तेमुळे नव्हे — पावलामुळे! नमुन्याचे बूट पाच नंबरचे आले आहेत आणि आमच्या कार्यालयात पाच नंबरचे पाऊल माझे एकटीचेच. सुवर्णपदक देताना कुलगुरू म्हणाले होते, "मुली, तू फार पुढे जाशील." पायांत काय घालून, ते त्यांनी सांगितले नव्हते.

आमच्या ग्राहक-पत्रिकेला बायकांच्या जलरोधक डोंगरबुटांची पारख करायची आहे. तीन कंपन्यांचे तीन प्रकार, प्रत्येकाचे दोन जोड. मी आणि बाहेरच्या पाच जणी. दिवसभराच्या चढाईला कोणता बूट घ्यावा, मुक्कामाच्या चढाईला कोणता, हे दोन आठवड्यांत ठरवायचे. अहवाल मी लिहायचा.

माझ्या वाट्याला प्रकार तिसरा, जोड 'अ'. त्याचाच 'ब' एका शाळेतल्या पीटीच्या बाईंकडे. त्यांनी बूट उलटासुलटा करून पाहिला. "बायकांचा बूट म्हणजे काय गं? पुरुषाचा बूट आखडवायचा, वर जांभळी पट्टी मारायची, झालं!" यावर मला चांगले उत्तर सुचले — पण घरी पोहोचल्यावर. माझे नेहमीचेच.

बाबांना बातमी आईमार्फत दिली. प्राध्यापकीची मुलाखत अर्ध्यात सोडून आले, त्या दिवसापासून बाबा माझ्याशी थेट बोलत नाहीत. सात महिने! मध्ये आई असते, टपालखात्यासारखी. "तिला सांग, बुटात पाणी शिरतं का हे बघायला एम.ए. लागत नाही. पाय लागतात."

चाळीस वर्षे त्यांनी तंबू शिवले. मुलीला असे उन्हातान्हात हिंडावे लागू नये म्हणून, असे आई म्हणते. त्यांची दाभणांची पेटी आता गॅलरीत पडून आहे.

८ सप्टेंबर, मंगळवार

स्टोअरमध्ये बुटांचे कोरडे वजन झाले. डावा ४१२ ग्रॅम, उजवा ४१०. ओढ्यात वीस मिनिटे चालून आल्यावर पुन्हा वजन करायचे. जो फरक पडेल तितके पाणी मुरले.

स्टोअरवाले काका काट्याकडे कमी आणि माझ्याकडे जास्त पाहत होते. मी आत शिरताच त्यांनी टेबलाचा खण धाडकन लावला. इतकी घाई कशाची?

९ सप्टेंबर, बुधवार

पहिला ओढा. पाणी घोट्याखाली, तळ शेवाळी. तिसऱ्या प्रकारची पकड उत्तम — मी एकदाही घसरले नाही, आणि मी सपाट फरशीवरही घसरणारी मुलगी आहे! टाच अरुंद, चवड्याला ऐसपैस जागा. बाईचे पाऊल खरोखर मोजून बेतलेला बूट. पण दहाव्या मिनिटाला करंगळी गार पडली. बूट जिथे वाकतो तिथल्याच शिवणीतून पाणी आले. पीटीच्या बाईंचेही तसेच. त्यांनी मोजा पिळून दाखवला. "हे बघ, आख्खी तपेली!" आमच्या संपादक मॅडमनी नोंदवले: दोन्ही जोड गळके. अजून दोन चाचण्या बाकी.

घरी आल्यावर बाबा आईला म्हणाले, "ओले बूट दारात नकोत. गॅलरीत ठेव म्हणावं." माझ्या बुटांनाही घरात थारा नाही. ठेवले.

११ सप्टेंबर, शुक्रवार

बूट स्टोअरमध्ये जमा केले. शुक्रवारी कार्यालयाचा जोड तिथे ठेवायचा नियम; बाहेरच्या जणी आपापल्या घरी ठेवतात. पुढच्या ओढ्याआधीचे कोरडे वजन झाले नाही. काका म्हणाले, "काट्याचा सेल संपलाय, सोमवारी बघू." शुक्रवारी संपणारा आणि सोमवारी मिळणारा सेल! बूट शनिवार-रविवार त्यांच्याच कुलुपात.

१४ सप्टेंबर, सोमवार

डावा ४१७. उजवा ४१६!

धुऊन, वाळवून, चिखलाचा कण न ठेवता जमा केलेले बूट पाच-सहा ग्रॅमनी जड कसे होतात? वापरलेला बूट झिजतो. झिजलेली वस्तू हलकी होते, हे चौथीत शिकवतात. काकांना विचारले — म्हणजे विचारायला तोंड उघडले. ते म्हणाले, "डोंगर चढून बूट गुटगुटीत झालेत तुझे!" आणि स्वतःच हसले.

पाणी कुठेतरी मुरते आहे. बुटात नव्हे, तर बाहेर.

बूट बदलले असावेत. आतला पातळ तळ उचलून त्याखाली लाल दोऱ्याची गाठ मारून ठेवली आहे. आता बदलून दाखवा!

१६ सप्टेंबर, बुधवार

दुसरा ओढा. पाण्याला ओढ जास्त. पूर्ण वीस मिनिटे चालले. मोजे कोरडे. दोन्ही! मी चारदा हात घालून पाहिले.

पीटीच्या बाई मात्र ओल्याचिंब. मोजा पिळत त्यांनी सगळ्यांसमोर विचारले, "काय गं पुस्तकी किड्या, तू पाण्यात उतरतेस, की काठावर बसून कविता वाचतेस?" बाकीच्या हसल्या. मी म्हणाले, "उतरले." एवढेच. पुढची तीन वाक्ये तयार होती. ती बुटाच्या नाडीला ऐकवली.

मॅडम हसल्या नाहीत. दोघींना बाजूला घेऊन म्हणाल्या, "एकच बूट, एकच ओढा आणि दोन नोंदी. कुणीतरी खोटं लिहितंय. रविवारी मुक्कामाहून आलात की एकीचं नाव यादीतून जाईल." मग फक्त माझ्याकडे पाहून, "तुझी तर अजून नोकरीही पक्की नाही."

आयुष्यात मी एकदाही खोटी नोंद केलेली नाही. शाळेत निबंधाची शब्दमर्यादा ओलांडली, तर शेवटी खरी संख्या लिहून द्यायचे!

१७ सप्टेंबर, गुरुवार

कोरडेपणाचा एवढा धाक कधी वाटला नव्हता.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

बूट स्टोअरमध्ये ठेवायला मी नकार दिला. नकार! मी! शब्द स्पष्ट उमटले. काका गोंधळले. "अगं, नियम आहे ना." मी म्हणाले, "नियम असेल. विश्वास नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला आणि माझ्यापुढे फक्त वही सरकवली, सहीसाठी.

बूट घरी आणून गॅलरीत ठेवले. घरासारखी सुरक्षित जागा नाही. लाल गाठ जागच्या जागी आहे. पहिल्या ओढ्यातला टाचेवरचा ओरखडाही आहे. म्हणजे बूट मुळात बदललेलेच नाहीत. मग त्यांना केले तरी काय?

२० सप्टेंबर, रविवार

मुक्कामाहून परतले. पाय ठणकत आहेत, पण आत्ताच लिहायला हवे.

पाठीवर नऊ किलो ओझे. दिवसाच्या चढाईत शहाणा वाटणारा बूट ओझ्याखाली आपले खरे रूप दाखवतो. पहिला प्रकार हलका आणि गुणी. एका दिवसाला उत्तम, पण वजन पडताच घोटा डुगडुगतो. दुसरा उंच आणि भक्कम, मात्र टाच आत वरखाली होते; त्या दोघींच्या टाचांना फोड. तिसरा चढताना, उतरताना, ओझ्यासकट जणू पायाचाच भाग. उतारावरही बोटे पुढे आपटली नाहीत. पाणी सोडले, तर तिसराच पहिला. आणि पाणी सोडून कसे चालेल? मुक्कामात ओला झालेला बूट सकाळपर्यंत वाळत नाही. दुसरा दिवस त्याच गारठ्यात काढावा लागतो. पीटीच्या बाईंनी आज तसाच काढला.

आज सकाळी ओढा ओलांडण्यापूर्वी त्या माझ्यासमोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "काढ."

"काय?"

"डावा बूट काढ गं! नंबर एकच आहे ना? घाल माझा, मी घालते तुझा. एकदा होऊन जाऊ दे दूध का दूध."

दोघींनी नवे कोरडे मोजे चढवून डावे बूट बदलले. ओढ्यापलीकडे बसून ते काढले. माझा डावा मोजा ओला. त्यांचा डावा — कोरडा ठणठणीत! त्यांनी तो उलटा करून पुन्हा चाचपला. मग माझ्या पाठीत जोरदार धपाटा घातला. "खरं बोलत होतीस की गं! मग तोंड का शिवलं होतंस?"

बूट त्यांनी नाकाशी नेला. मीही वास घेतला. मधासारखा, जुनाट, कुठेतरी ओळखीचा. कुठला, ते आठवेना. त्यांनी चामड्यावर पाण्याचा शिंतोडा मारला, तर थेंब अळूच्या पानावरून घरंगळावेत तसे गेले. त्यांच्या बुटावर तोच शिंतोडा पसरून जिरला.

"काहीतरी चोपडलंय," त्या म्हणाल्या. "आणि फक्त तुझ्याच जोडाला. अहवाल कोण लिहिणार?"

"मी."

"मग झालं तर! कंपनीला कळलंय, लिहिणारीचे पाय कोरडे ठेवायचे."

काट्याचा सेल, खण, कुलूप, शनिवार-रविवार. सगळे दुवे जुळले.

२१ सप्टेंबर, सोमवार

मॅडमना पत्र दिले. दोन पाने, सात मुद्दे, एकही खाडाखोड नाही. मॅडमनी ते दोनदा वाचले, काकांना बोलावले आणि चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितले. काका डिसेंबरात निवृत्त व्हायचे आहेत.

 जाताना ते माझ्या टेबलापाशी थांबले. "पोरी, तोंडावर विचारायचंस ना. मी काय खाल्लं असतं तुला?"

मी पत्राची प्रत फायलीत लावत राहिले. 

२२ सप्टेंबर, मंगळवार

काकांचा खण उघडला. गुडघ्याला चोळायच्या मलमाची डबी आणि क्रीमच्या बिस्किटांचे तीन पुडे. शिपाई म्हणाले, "साखर आहे ना त्यांना. बायकोनं मॅडमना सांगून ठेवलंय, हे बिस्किटं खाताना दिसले की मला फोन करा. म्हणून कुणी आलं की खण बंद!"

मलमाची डबी हुंगून पाहिली. कापराचा वास. तो वास नव्हे.

पण म्हणून काका सुटत नाहीत. लपवणारा माणूस एकच वस्तू लपवतो असे थोडेच आहे? मॅडम म्हणाल्या, "संशयावर माणूस काढता येत नाही गं. दोन्ही जोड शेजारी ठेव, फरक नीट मांड आणि उद्या मला दे." पीटीच्या बाईंनी जोड 'ब' आणून दिला. मी स्वतः काट्यावर ठेवला — डावा ४११, उजवा ४०९ — आणि दोन्ही जोड घेऊन घरी आले. 'ब'च्या चामड्यावर पाणी टाकून पुन्हा खात्री केली: जिरते. तसे लिहून ठेवले.

चारही बूट गॅलरीत ओळीने मांडले. आई येऊन म्हणाली, "बाबा विचारतायत, दुसरा जोड कुणाचा?"

"सांग त्यांना," मी म्हणाले, "पुरावा आहे. हात लावू नका म्हणावं."

आई घुटमळली. "ते झोपलेत आता. उठले की सांगते." आणि गेली.

२३ सप्टेंबर, बुधवार

सकाळी पडताळणीसाठी 'ब'वर पाणी शिंपडले. थेंब घरंगळले.

'ब' एकदाही काकांच्या कुलुपात राहिलेला नाही. काल रात्री काका त्यांच्या घरी होते.

वाकतो तिथल्या शिवणीवरून नख फिरवले. नखात मेण आले. गॅलरीतल्या पेटीचे झाकण उघडे होते. आत दाभणे, दोरा आणि तंबूच्या शिवणींत भरायच्या मेणाची वडी — अंगठ्याने झिजून खोलगट झालेली. तोच वास. लहानपणी बाबांच्या सदऱ्याला यायचा.

मागे बाबा उभे होते. आई स्वयंपाकघरात, मध्ये कुणीच नव्हते.

"तुझी तीनदा भरली," ते म्हणाले. माझ्याशी. "तिचीही शिवण कच्चीच आहे. तिलाही चालायचंच असेल ना?"

आधी काकांचे घर. पत्ता शिपायांकडून घेतला आहे. या वेळी तोंडावर बोलायचे. मग अहवाल. शेवटची ओळ तयार आहे:

प्रकार तिसरा — दोन्ही जोड चाचणीतून बाद. कारण: वडील.