पश्चिमेची वाळू

१९ एप्रिल, सकाळ
सासरे इद्रीसबे डोळ्याच्या ऑपरेशनला राजधानीत, मालेला गेले. जेटीवर माझा हात धरून म्हणाले, जावईबापू, धोणी पश्चिमेच्या वाळूवर ओढून ठेवली आहे. केती नक्षत्र लागायच्या आत, म्हणजे सहा मेच्या आधी पूर्वेला न्या, नाहीतर वाळू निघून जाईल आणि तिच्यामागे धोणी. या एका होडीवर मासे मारून त्यांनी पाच पोरं वाढवली. म्हटलं, निश्चिंत राहा. शाळेत भूगोल मीच शिकवतो. वाळू कुठल्या वाऱ्याने कुठे जाते हे मला सांगायला नको.
संकल्प : उद्याच हलवायची.

२० एप्रिल, शुक्रवार
ओढायला पंचवीस माणसं लागतात. हुसेनबेने मशिदीबाहेर हाक दिली की सगळं बेट दोराला लागतं. त्याला सांगायलाच गेलो होतो. तो दुसऱ्याची धोणी ओढायला निघालेला. म्हणाला, मास्तर, येताय? पेपर तपासायचे होते.

२७ एप्रिल
शफीगा म्हणाली, सहा वर्षं झाली आपल्या लग्नाला, एकदा तरी कुणाच्या दोराला हात लावलात? आता कुठल्या तोंडाने बोलावणार? तिला नववीचं पुस्तक दाखवलं. नैर्ऋत्य वारे मेच्या मध्याला. म्हणजे वेळ भरपूर. तिने पुस्तक मिटून भांडी घासायला घेतली.

४ मे
आज आणखी तीन धोण्या पूर्वेला गेल्या. ओढताना सगळे गात होते. मी खिडकीतून ऐकलं. पश्चिमेला आता आमची एकटीच. हुसेनबे दारावरून जाताना मुद्दाम मोठ्याने म्हणाला, कुणाची तरी राहिलीय बुवा, कुणाची ते काही कळत नाही. विचारलं असतं तर त्याच पावली परत फिरला असता, हे मला माहीत आहे. मी दार लोटून घेतलं.
उद्या नक्की विचारायचं.

९ मे
काल नाही, परवाही नाही. केती लागून तीन दिवस झाले. वारा फिरला. वाळू सहा पावलं कमी. वर्गात सांगितलं की असे चढउतार किरकोळ असतात. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.
नवी योजना : मालेहून कप्पी मागवली आहे. कप्पी असली की एक माणूस पुरतो. कुणाच्या पाया पडायला नको.
सासऱ्यांचा फोन. धोणी नेली का? म्हटलं, नेली.
जरा लाज वाटली. पण चार दिवसांत ते खरंच होणार आहे.

१५ मे, मंगळवार
कप्पी आली. दोर माडाला बांधला, शाळा सुटल्यावर ओढलं. धोणी हलली नाही. माड हलला. भिंतीआड बायका बसल्या होत्या, त्या एकदम गप्प झाल्या. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

१६ मे
पश्चिमेला वाळू उरलेली नाही. धोणी खडकांवर आडवी, बूड फुटलेलं. शफीगा तिथेच पाण्यात उभी राहून रडली. मी जवळ गेलो तर म्हणाली, तुम्ही घरी जा.

२० मे
सासरे आले. एका डोळ्यावर पट्टी. जेटीवरून थेट पश्चिमेला गेले, मागे सगळं गाव. फुटक्या फळ्यांवरून त्यांनी बराच वेळ हात फिरवला. हुसेनबे म्हणाला, इद्रीसबे, तुम्ही मास्तरांना सांगून गेला नव्हता? सासरे म्हणाले, मीच म्हटलं होतं रे, मी येईपर्यंत हात लावू नका. माझीच अक्कल चालली नाही.
हुसेनबेने माझ्याकडे वळून विचारलं, खरं का, मास्तर?
शफीगा बघत होती. खरं सांगायला ती एकच वेळ होती.
मी म्हणालो, हो, असंच म्हणाले होते.